सबनीसचा थंड दिवा

सबनीसला मी तोंडावर कायम 'साहेब' म्हणत आलो. धंद्यात म्हणावं लागतं. इथं लिहिताना म्हणणार नाही.

दिवे विकून मी लोणावळ्याच्या बाजारात दुकान उभं केलं. त्या सगळ्या वर्षांत मला फसवणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यावर माझा राग नाही. मी स्वतः घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी बोलणी करायला बसतो आणि तोही माझ्याबद्दल तेच धरून बसतो, त्यामुळे कुणाचं बिघडत नाही. पण सबनीस खोटं बोलत नसे. त्याचं प्रत्येक वाक्य खरं असायचं. एकेका खऱ्या वाक्याआड उभं राहून माणूस किती हलकटपणा करू शकतो, हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावापलीकडच्या औद्योगिक वसाहतीत एलईडी दिवे जुळवणारा एक छोटा कारखाना होता. सबनीस तिथला तांत्रिक प्रमुख. कारखाना ज्या माळावर आहे तिथं लहानपणी मी शेळ्या राखल्या आहेत. पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता, त्याला माळ म्हणजे काय तेच ठाऊक नसावं. उंच, सडपातळ माणूस. शर्टाची बाही कधी दुमडलेली पाहिली नाही. घाम येणं हा त्याच्या मते चारित्र्याचा दोष असावा. पत्र्याच्या शेडमध्ये बायका गरगरत्या पंख्याखाली दिवे जुळवत बसायच्या, आणि शेजारी सबनीसच्या चाचणीच्या खोलीत एसी एवढा जोरात, की खुंटीला एक स्वेटर कायम टांगलेला. भर मे महिन्यात तो स्वेटर घालून बसायचा आणि आत येणाऱ्याला म्हणायचा, "दार लावा. हवामान आत येतंय."

पहिल्यांदा माल बघायला गेलो तेव्हा त्यानं मेजावर एक दिवा लावला, लावल्याबरोबर खाली उजेड मोजायचं यंत्र धरलं, आकडा मला दाखवला आणि दिवा बंद केला. सगळं एका श्वासात.

"बघितलंत, शेलार?"

"आकडा बघितला, साहेब. उजेड कुठं बघू दिलात? राहू द्या की जरा वेळ चालू."

"उजेड मोजायचा असतो. बघायचा नसतो."

हे त्याचं आवडतं वाक्य. पुढं मी ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

मी तरी दिवा पुन्हा लावला आणि भाव करत बसलो. भाव करताना माझा हात स्वस्थ राहत नाही. मालाला हात लावल्याशिवाय मला बोलता येत नाही. दिव्याच्या पाठीला बोट टेकलं आणि झटकन मागं घेतलं.

"हा तर तापतो!"

"पाठ तापते," सबनीस म्हणाला. "तापायलाच पाहिजे."

आणि मग त्यानं मला ते सगळं समजावलं. जुना पिवळा बल्ब उजेडाबरोबर धगही पुढं फेकायचा, समोर हात धरला तरी कळायचं. एलईडीचा उजेड समोरून गार लागतो म्हणून लोक समजतात दिवाच गार आहे. पण आत तांदळाच्या दाण्याएवढा जो तुकडा असतो, त्याची धग पाठीकडून जाते. तिला जायला वाट नसली तर तो तुकडा तापतो. तापला की उजेड उतरतो, रंगही हलतो, त्यात तांबडा आधी मार खातो. रोजच तापत राहिला तर दिवा लवकर म्हातारा होतो. म्हणून पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मधून वारा खेळावा म्हणून. थंडीत हाच दिवा जास्त जोरात लागतो.

छान सांगितलं त्यानं. शिक्षक झाला असता तर बरं झालं असतं, निदान नुकसान वर्गापुरतं राहिलं असतं. हे सांगतोय अशासाठी, की सबनीसला माहीत नव्हतं असं पुढं कुणी म्हणू नये. त्याला सगळं माहीत होतं.

"मग या थंडगार खोलीत, लावल्या लावल्या मोजलेला आकडा कशाला दाखवता?" मी विचारलं.

"सगळं जग असंच मोजतं."

"जग स्वेटर घालून बसलंय का?"

"शेलार, हा भाजीबाजार नाही," तो म्हणाला. आणि भाव उतरवला. भाव उतरवताना प्रत्येक वेळी तो हेच म्हणायचा. त्यामुळे हे वाक्य आलं की मी ओळखायचो, आता गडी खाली येतोय.

माल स्वस्त होता, बरा होता. मी घेत गेलो.

त्याच्या स्वभावाचा पहिला झटका बसला तो खंडाळ्याकडच्या एका हॉटेलच्या पाटीनं. सबनीसनं स्वतः आराखडा काढून दिलेली, तांबड्या अक्षरांची मोठी पाटी. दक्षिणेकडे तोंड, पाठीला काळा पत्रा. पावसाळ्यात धुक्यातून अशी उठून दिसायची की मालकानं मला जेवायला बोलावलं. एप्रिल लागला आणि मालकाचा फोन आला. दुपारी अक्षरं विझल्यासारखी दिसतात, गाड्या पुढं निघून जातात. मी सबनीसला घेऊन गेलो. तो गाडीतून उतरला नाही. काचेतून पाटीकडे पाहिलं, म्हणाला, "तांबडा उष्णतेला सर्वांत हळवा. संध्याकाळी येईल परत."

"अहो, पण त्याला गिऱ्हाईक दुपारी जेवायला पाहिजे!"

"दुपारी पाटी लावायची सूचना आमची नव्हती."

असा माणूस. मालकानं पुढं मला जेवायला बोलावलं नाही. पाठीमागचा काळा पत्रा मी माझ्या माणसांकडून काढून घेतला, मग जरा बरं झालं. सबनीसला सांगितलं तर म्हणाला, "स्वाभाविक आहे." त्याला सगळंच स्वाभाविक होतं.

पण पाटी ही पाटी. तिच्यापायी माझं एक जेवण गेलं. मंदामावशीच्या कारखान्यात जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही.

मंदामावशीचा चिक्कीचा कारखाना बाजारामागच्या गल्लीत. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, ओळीनं तीन भट्ट्या, पलीकडे पत्रा ठोकलेले ओटे, त्यावर चिक्की लाटून कापायची. मधल्या भट्टीवर भिकाआबा. आंबी गावचा माणूस, तळेगावला येऊन गाडी धरायचा, भट्टी पेटायच्या आत हजर. सबंध हयात गुळाच्या पाकासमोर गेलेली. घरी बायका पाण्यात थेंब टाकून पाक बघतात. आबा थेंब टाकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या कढईत थेंब गार होईस्तोवर पाक पुढं गेलेला असतो. ते रंगावर उतरवायचे. पिवळट, मग सोनेरी, मग त्याच्या कडेला एक तांबूस झाक येते, ती आली की "उचला!" तेवढ्या ओरडण्यावर मावशीचं नाव चाललेलं. क्षणभर आधी उचललं तर चिक्की दाताला चिकटते, क्षणभर उशीर झाला तर कडू.

जुने बल्ब काढून तिथं एलईडी लावायचं ठरलं तेव्हा जुलै होता. आमच्याकडे पावसाची दहशत सगळ्यांना. जे दिसेल त्याला आम्ही प्लॅस्टिक गुंडाळतो, फट दिसेल तिथं सिलिकॉन भरतो. दुकानांच्या पाट्या, मीटरच्या पेट्या, देवळाचे भोंगे, सगळं बांधून ठेवतो, आणि मग बाराही महिने तसंच राहतं, कारण पुढचा पाऊस येणारच असतो. सबनीस त्या दिवशी बसवणी बघायला आला. भिंतींना पाणी सुटलेलं, छताला ओल. त्यानं रुमाल नाकाला लावून वर पाहिलं आणि हुकूम सोडला, "दिव्याची पाठ उघडी नको. फायबरचा खोका घाला, कडा सील करा."

मी म्हटलं, "साहेब, खाली भट्टी आहे. वारा लागायचा म्हणून पट्ट्या ना?"

"ओलीनं दिवा गेला तर हमी मागायला तुम्हीच याल."

खोका घातला. पावसाळाभर दिवा झकास चालला. दारं उघडी, धुकं सरळ आत यायचं, आबा भट्टीपाशी असून कानटोपी घालून उभे. मावशी खूश. हिवाळाही तसाच गेला.

उन्हाळा लागला आणि चिक्की कडू व्हायला लागली.

सकाळची नाही. सकाळची चिक्की होती तशीच. दुपार झाली, तिन्ही भट्ट्या पेटून बराच वेळ झाला, की आबांचा पाक जायचा. एक कढई, दुसऱ्या दिवशी परत एक. मुंबईच्या गिऱ्हाईकांनी खोकी परत धाडली. सगळ्यांना कारण सरळ दिसत होतं. म्हातारा माणूस, दुपारपर्यंत थकतो. कापणाऱ्या बायका आधी कुजबुजल्या, मग मोठ्यानं बोलायला लागल्या. आबा स्वतः म्हणाले, "तांबूस दिसतच न्हाई वो मावशी. दिसतंय तवर गेल्यालं असतंय." मावशीला त्यांना काढायचं नव्हतं. तिनं मला विचारलं, "दत्ता, तुजा दिवा तर न्हाई ना खोटा?" मी पडलो विकणारा. माझ्या सांगण्याला वजन काय! म्हटलं, साहेबालाच आणतो, मोजून सांगेल.

सबनीस आला तो सकाळी नऊला. ऊन वाढायच्या आत परत जायचं होतं. भट्ट्या नुकत्या पेटत होत्या. दिवा लावला, खाली यंत्र धरलं, आकडा वाचला, यंत्र पिशवीत टाकलं.

"दिवा पूर्ण प्रकाश देतोय," तो म्हणाला. सगळ्या बायका ऐकत होत्या. आबा कढई घासत होते. त्यांच्याकडे हनुवटी करून तो पुढं म्हणाला, "दिवा उतरलेला नाही. बघणारा उतरलाय."

दोघी-तिघी हसल्या. आबांनी कढई घासून संपवली, पालथी घातली, आणि त्या दिवशीचा पाक न चढवता घरी गेले. परत आले नाहीत. मावशीनं निरोप धाडले, फोन केले. आबांचं एकच, "साहेबानं मोजून सांगितलंय. आता कशाला तुमचा गूळ नासू?"

मग भट्टीवर मावशी स्वतः उभी राहिली. आठवड्याच्या आत तिची दुपारची कढई कडू झाली. तिनं मला दुकानातून ओढत नेलं. माझं डोकं तिथंच फिरलं. मावशी आबांपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाचा भाव वाचते. मी तिथूनच सबनीसला फोन लावला.

"साहेब, दुपारी या."

"दुपारी अशक्य."

"पुढच्या मालाची ऑर्डर माझ्याकडून हवीय का नको?"

"अर्धा तास येईन."

"संध्याकाळपर्यंत."

"शेलार, हा भाजीबाजार नाही."

मनात म्हटलं, आला खाली. "तीन कढया उतरेपर्यंत बसा."

"एक."

"दोन. आणि भट्टीपाशी, दारात नाही."

दोन कढयांवर सौदा पटला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घासाघीस केली, पण माणसाला किती कढया बसवायचं यावर तेवढी एकदाच.

आला. स्टुलावर बसला, मधल्या भट्टीच्या उजव्या हाताला. कपाळाला घाम आला तेव्हा त्यानं रुमालाकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे. मी यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, मोजत राहा. पहिली कढई चढली तेव्हाच आकडा सकाळच्या निम्म्याला नाही, पण चांगलाच खाली आलेला. दुसरी चढली तेव्हा आणखी खाली. उजेडही निळसर, आजारी माणसाच्या तोंडावर येतो तसा. मावशी पाकावर वाकून तांबूस झाक शोधत होती, ती काही दिसेना, आणि नाकाला वास आला. करपला.

मावशीनं झारा आपटला. "माजी पन नजर उतरली का वो, साहेब?"

सबनीसनं आकड्याकडे पाहिलं. "हे अपेक्षित आहे," तो म्हणाला.

"कुणाला अपेक्षित?" मी ओरडलो.

"तापमान वाढलं की प्रकाश उतरतो. सगळ्या एलईडींचं असंच असतं. मी तुम्हाला पूर्वी सांगितलंय."

"मग त्या दिवशी सकाळी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत, दिवा ठीक आहे का. दिवा ठीक आहे. परिस्थिती ठीक नाही."

"आणि आबा?"

"त्यांच्याबद्दल मी फक्त एक शक्यता मांडली."

मी दुसऱ्या स्टुलावर चढलो. पाना घेतला आणि वरचा फायबरचा खोका उपटून काढला. पाठ एवढी तापलेली की बोटांना फोड आले. मावशीनं लांबचा पंखा ओढून तिकडं वळवला. काही वेळानं उजेड हळूहळू परत यायला लागला, निळसरपणा गेला. बायका हातातलं काम सोडून वर बघत होत्या. मावशीनं नवा पाक चढवला, तांबूस झाक दिसली, "उचला!" म्हणाली, आणि रडायला लागली.

सबनीस उठून उभा राहिला. पँटची घडी सरळ केली. म्हणाला, "खोका काढलात. आता हमी राहिली नाही."

त्याला मी भट्टीत घातला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मावशीनं डोळे पुसले. "मी आबांना पुन्ना फोन करनार न्हाई. ज्यानं समद्यांदेखत बोल लावला, त्यानंच घरी जाऊन सांगायचं. तवाच यील त्यो." आंबी सबनीसच्या परतीच्या वाटेवरच होती. पुढच्या मालाचा विषय मी पुन्हा काढला. तो कबूल झाला, पण चेहरा असा, की आम्ही त्याला कुणाच्या मयताला नेतोय.

दिवस मावळता मावळता पोचलो. आबा ओट्यावर तांदूळ निवडत होते. ताटाकडे बघत नव्हते. डोळे मिटून, बोटांनी चाचपून खडे काढत होते. सून दारातून मला हळूच म्हणाली, "बघतच न्हाईत आता. रस्ता वलांडायला बी मला हात मागत्यात." महिनाभरापूर्वी हा माणूस पाकाची झाक ओळखत होता. डोळे होते तसेच होते.

"आबा, साहेब आलेत," मी म्हटलं.

आबा गडबडीनं उठले. घोंगडी झटकली, चहा टाकायला सांगितला. सबनीस बूट काढून वर आला आणि घोंगडीच्या अगदी कडेला बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो घसा साफ करून बोलायला लागला. बंदिस्त खोक्यामुळे उष्णता बाहेर जात नव्हती, सभोवतालचं तापमान जास्त होतं, त्यामुळे प्रकाशाच्या तीव्रतेत आणि वर्णात फरक पडत होता. शब्द न् शब्द बरोबर. आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते.

संपलं तेव्हा आबांनी विचारलं, "म्हंजी साहेब, माजी नजर बरी हाय?"

एवढाच प्रश्न. 'हो' म्हटलं असतं तर काम होत होतं.

सबनीस म्हणाला, "ते मी कसं सांगणार? मी डॉक्टर नाही."

"आबा, तुमची नजर बरी आहे!" मी जवळजवळ किंचाळलो. "याचाच दिवा तापत होता! मावशीचा पाकसुद्धा गेला, मी डोळ्यांनी बघितलंय!"

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समजूत घालतात तसा. "तू बस गप, दत्ता. तू चांगलाच हाईस. पन तुला दिवं इकायचे असत्यात बाबा, तू कायबी म्हनशील. ह्यांचं मोजल्यालं असतंय."

चहा आला. सबनीसनं गार होऊ दिला आणि निम्मा ठेवला.

आबा पुन्हा भट्टीवर गेले नाहीत. मावशीनं दुसरा माणूस धरला, तो थेंब पाण्यात टाकून बघतो. चिक्की बरी होते. दिव्यांच्या कारखान्याचा माल मी त्या दिवसापासून बंद केला. सबनीसचा एकदा फोन आला होता, भाव आणखी उतरवतो म्हणून. मी उचलून त्याला सांगायचं ते सांगितलं, ते छापण्याजोगं नाही.

माझ्या डोळ्यांपुढं सबनीस राहिला आहे तो ओट्याच्या पायरीवर बसून बूट घालताना. तिन्हीसांजेचा अंधार पडलेला. त्याच्या बुटांच्या नाड्या बारीक, सुटता सुटेनात की बांधता बांधेनात, आणि तो दोन्ही हातांनी खाली चाचपत होता. आबांना ते कळलं. ते भिंतीला धरत आत गेले, सुनेचा मोबाईल आणला, तिच्याकडून बॅटरी लावून घेतली आणि पायरीवर वाकून सबनीसच्या बुटांवर उजेड धरला.

"दिसतंय का, साहेब?"

"दिसतंय," सबनीस म्हणाला, आणि मान वर न करता नाड्या बांधत राहिला.